कापडी थैली तर नेतोच, पण दही-मटण-डाळीच्या पन्न्यांचं काय करता? (नागपूरकरांसाठी)

मृणाल_धरमपेठ
नमस्कार मंडळी,
प्लास्टिकचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा "कापडी थैली वापरा" इथेच संपते. ती सवय आमच्या घरात रुजली आहे. गोकुळपेठ बाजारात जाताना थैल्या सोबत असतात, ओळखीची भाजीवाली आता पन्नी (प्लास्टिकची पिशवी) पुढेही करत नाही. तरी घरातला सुका कचरा आठवडाभर वेगळा साठवून पाहिला, तर त्यात हाताच्या पन्न्या जवळजवळ नव्हत्याच. दुधाच्या पिशव्या, दह्याचे कप, पनीरचं वेष्टन, डाळ-रवा-पोह्यांची पाकिटं, शेव, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, कुरिअरची आवरणं आणि पार्सल जेवणातून आलेल्या चटण्यांच्या गाठ मारलेल्या इवल्या पिशव्या, असा सगळा ढीग.

कायदा इथवर पोचतच नाही. राज्याची बंदी मार्च २०१८ मध्ये निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. केंद्राची यादी १ जुलै २०२२ पासून लागू झाली: स्ट्रॉ, चमचे, प्लेटा, ग्लास, कान साफ करायच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म वगैरे. हातपिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, हे त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून. यात कारखान्यातून सीलबंद येणारं डाळीचं किंवा शेवेचं पाकीट कुठेच नाही.

म्हणून प्रश्न दोनच. ओल्या वस्तू (दही, पनीर, मटण, पोह्यांवरचा तिखट रस्सा म्हणजे तर्री) कशा आणता? आणि पाकिटं कमी करायला कुणाला काय जमलं? जे महिनोन् महिने टिकलं, तेच सांगा.

नंदू_सक्करदरा
डब्बा. ताई, दुसरं काही नाही, डब्बा. मी मटणाले स्टीलचा डब्बा नेतो. पहिले खाटीक हासला होता, आता डब्बा नसला तर तोच विचारते, "भाऊ, आज डब्बा कुठं गेला?" कडीचा डब्बा घ्या, गाडीवर हिंदळत नाही. अन् पहिले रिकामा डब्बा काट्यावर ठेवाले सांगा, काटा शून्यावर आणा, मंग मटण. नाहीतर डब्ब्याचे पैसे मटणाच्या भावानं द्याल बाप्पा.

निलिमा_मनीषनगर
नंदूभाऊंना अनुमोदन. पनीर, इडलीचं पीठ, श्रीखंड सगळं डब्यात मिळतं, मागायची लाज सोडली की झालं. माझं अडतं ते पार्सल जेवणापाशी. "चमचे नकोत" असं लिहूनही चमचे येतातच. डाळीला एक डबी, चटणीला एक, कांदा-लिंबाला पिशवी.

नंदू_सक्करदरा
जाऊन आणा ना जी डब्यात. सावजीच्या रश्शाले स्टीलच्या डब्यात पन्नीचा वास नाही लागत.

इतवारी_किराणा
दुकानदाराची बाजू मांडतो. आमचं इतवारीत जुनं दुकान आहे.

गिऱ्हाईक म्हणतं तुम्ही पन्नी देता. मी न देता दिवस काढला तर चारातले दोन जण समोरच्या दुकानात जातात. पन्नीला पैसे लागतात, कागदी पिशवीला रुपये. गूळ कागदात दिला तर पावसाळ्यात घरी जाईस्तोवर कागद गुळाला चिकटतो. पकडलं तर दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद, हे आम्हाला पाठ आहे. तरी काउंटरखाली पन्नी ठेवणारे आहेत, कारण गिऱ्हाईक तोडवत नाही.

तुम्ही मंडळी एक करा. "पन्नी नको" हे सामान सांगायच्या आधी बोला. यादी पूर्ण झाली, मी तोललं, भरलं, गाठ मारली आणि मग तुम्ही थैली काढता. ती पन्नी मी परत ठेवू शकत नाही. सकाळच्या गर्दीत माझा हात सवयीनं चालतो, त्याला आधी अडवावं लागतं.

आणि पाकिटांबद्दल मृणालताईंना सरळ उत्तर: वर्षाचं धान्य भरा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गहू, तुरीची डाळ, तांदूळ भरायची पद्धत होती आणि अजून बऱ्याच घरी आहे. कळमन्याच्या धान्यबाजारातून किंवा आमच्यासारख्याकडून कट्टा (पोतं) घ्या, कडक उन्हात वाळवा, कोठीत भरा. डाळीला एरंडीचं तेल चोळा, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. एक-एक किलोची वर्षभराची पाकिटं जाऊन एक बारदान येतं, आणि ते बारदान पुढे कामाला येतं.

मृणाल_धरमपेठ
@इतवारी_किराणा, आधी बोलायचं हे फार कामाचं सांगितलंत. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोठी ठेवायची कुठे? गच्चीही सगळ्यांची सामाईक.

इतवारी_किराणा
मग तीन महिन्यांचं भरा. किंवा दोन-तीन घरं मिळून एक कट्टा. आमच्याकडे एका इमारतीतल्या बायका असाच नेतात. डबे घेऊनच येतात आणि दुकानातच वाटून घेतात.

शरद_काका
आमच्या लहानपणी महाल भागात वाण्याकडून सगळं रद्दीच्या पुडीत यायचं, वरून सुताचा दोरा. लोणी आणि मटण पळसाच्या पानात. घरात एक दोऱ्याचा गोळा असायचा, त्यात प्रत्येक पुडीचा दोरा गुंडाळला जायचा. पुन्हा पुडीकडे वळलं तर अर्धा प्रश्न सुटेल.

अनुपमा_रविनगर
काका, पळसाचं पान एकदम मान्य, पण रद्दी नको. छापील शाईत शिसं आणि इतर घातक रसायनं असतात, गरम-तेलकट पदार्थात ती उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये वर्तमानपत्रात अन्न बांधू नका, वाढू नका असं पुन्हा बजावलं होतं. तळलेलं काही आणायचं तर डबाच बरा.

शरद_काका
तेलकटाचं पटलं. अख्ख्या हळकुंडाला, साबणाच्या वडीला तरी रद्दी चालेल ना?

अनुपमा_रविनगर
साबणाला खुशाल.

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्यक आहे. धागा खरेदीचा आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गाईला पन्नी खायची नसते. तिला आतलं अन्न हवं असतं. आपण शिळी पोळी, भाताचं पाणी, भाजीची देठं पन्नीत भरतो, वर गाठ मारतो आणि कोपऱ्यावर टाकतो. गाय ओठांनी आणि जिभेनं अन्न ओढते, तिला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती अख्खी पन्नी गिळते. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यात जाऊन बसते. तिथून पुढचा मार्ग अरुंद आहे, त्यामुळे पन्नी पुढेही सरकत नाही आणि रवंथ करताना बाहेरही येत नाही. वर्षानुवर्षं एकावर एक साठत जाऊन दोऱ्या, चिंध्या, पन्न्या यांचा घट्ट गोळा होतो. गाय खात नाही, पोट फुगतं, दूध आटतं. शस्त्रक्रियेनं काढलं तर ढीग निघतो, त्यात लोखंडाची तारही सापडते. ती तार पुढे हृदयापर्यंत टोचू शकते. सगळ्या गाई टेबलापर्यंत पोचत नाहीत.

पोळ्याला आपण बैलाला ओवाळतो, पुरणपोळी खाऊ घालतो. त्याच दिवशी संध्याकाळी नैवेद्याचं उरलेलं पन्नीत बांधून रस्त्यावर येतं, हे मी दरवर्षी पाहतो. तेव्हा कृपा करून ओला कचरा पन्नीत बांधणं आजच थांबवा. कचऱ्याच्या डब्याला खाली जुना कागद लावा, आणि कचरागाडीत ओला कचरा थेट ओता. गाईला द्यायचं असेल तर हातानं द्या किंवा टोपल्यात ठेवा.

मृणाल_धरमपेठ
डॉक्टर, हे विषयांतर नाहीच. डब्याला लावायच्या काळ्या पिशव्यांची सवय सगळ्यात आधी मोडायला हवी.

वर्धा_रोड_अभियंता
सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. ओझं चुकीच्या खांद्यावर टाकलं जातंय. चिप्सचं पाकीट म्हणजे प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे एकावर एक थर. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून कबाडी घेत नाही. ते पाकीट मी किंवा तुम्ही ठरवलेलं नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादकांवर ते गोळा करायची जबाबदारी आहे, ज्याला ईपीआर म्हणतात. २०२२ मध्ये त्याचे तपशीलवार निर्देशही आले. दबाव तिकडे हवा.

आणि कापडी पिशवीचंही ऐका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ मध्ये अभ्यास केला. फक्त हवामानावरचा परिणाम धरला तरी साध्या सुती पिशवीला प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला किमान ५२ वेळा वापरावं लागतं. कापूस पिकवायला पाणी, खत, फवारणी लागते. हे आपल्या विदर्भाला कुणी सांगायची गरज नाही. प्रत्येक परिषदेत, प्रत्येक उद्घाटनाला नवी कोरी पिशवी वाटतात, ती कपाटात पडते. ते काही पर्यावरणाचं काम नव्हे.

अनुपमा_रविनगर
अभियंता, पिशवीचं अगदी बरोबर. म्हणूनच नवी विकत घेऊ नये. जुनी सुती साडी, पडदा, फाटकी चादर यांची शिवावी. कापूस आधीच पिकलाय, विणलाय, वापरलाय. आमच्याकडे ओढणीच्या छोट्या नाडीच्या थैल्या आहेत. पालक, सांभार (कोथिंबीर) त्यात बाजारातून येतो, घरी थैलीवर पाण्याचा हात फिरवून तशीच फ्रिजमध्ये. पन्नीतला सांभार काळा पडतो, यात पडत नाही.

पण "उत्पादक पाहतील" म्हणून मी मटणाला डबा न्यायचं थांबू, हे मात्र पटत नाही. दोन्ही चालू राहू दे.

वर्धा_रोड_अभियंता
थांबा म्हणालो नाही. नुसत्या घरगुती उपायांवर सगळं सोडू नका, एवढंच.

स्वाती_कबाडीशेजारी
आमच्या घराशेजारी कबाड्याचं दुकान आहे, त्यामुळे काय विकलं जातं ते रोज दिसतं. पाण्याच्या बाटल्या, तेलाच्या कॅन, शाम्पूच्या कडक बाटल्या, बादल्या जातात. दुधाच्या पिशव्याही घेतो, पण धुऊन वाळवलेल्याच. आंबट वास मारणारी पिशवी सगळा गठ्ठा खराब करते. चिप्स, शेव, मसाले, शाम्पूच्या पुड्या, सॉसची पाकिटं कधीच घेत नाही.

मी खरेदीच उलट्या टोकापासून करते: हा घेणार नाही ते शक्यतो आणायचं नाही. शाम्पू मोठ्या बाटलीत. शेव-चिवडा महिन्याला घरी. हळद-तिखट कांडप यंत्रावर डबा नेऊन.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच राहू द्या. तो इवला तिकोनी तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून थेट नालीत जातो. २०१८ च्या अधिसूचनेत दूधपिशवी परत घ्यायची आणि त्यासाठी किमान ५० पैसे पिशवीवर छापायचे असं होतं. ते नीट चाललं असतं तर एक पिशवी रस्त्यावर दिसली नसती.

फुटाळा_फिरस्ता
तो नालीतला तुकडा कुठे जातो ते सांगतो. आपल्या नाल्या जातात नाग आणि पिवळी या नद्यांत. दोन्ही पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण. त्या पाण्यावर मासेमारी आहे, शेती आहे. धरमपेठेत मोरीत टाकलेलं भंडारा जिल्ह्यात पोचतं.

अंबाझरी_लेआउट
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या भागात पाणी शिरलं. अंबाझरी तलाव ओसंडला, नाल्यानं पात्र सोडलं. पूर प्लास्टिकमुळे आला असं मी म्हणणार नाही, पाऊसच काही तासांत तसा कोसळला आणि नाल्याची वाट ठिकठिकाणी आवळलेली होती. पण पाणी ओसरल्यावर फाटकाच्या जाळीला, झाडांना, गाडीच्या चाकांना काय गुंडाळलं होतं, ते विसरता येत नाही. सगळ्या पन्न्या आणि पाकिटं. त्यानंतर आमच्या गल्लीत नालीच्या तोंडाशी कचरा टाकू देत नाही कुणाला.

नंदू_सक्करदरा
🙏

बर्डी_चहा
चहाचं कुणी बोललं नाही. टपरीवर कागदी कप आला की लोकांना बरं वाटते. त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असते, नाहीतर चहा खालून गळला असता. आयआयटी खरगपूरनं २०२० मध्ये तपासलं: १०० मिली गरम पाणी त्या कपात १५ मिनिटं राहिलं तर सुमारे २५,००० सूक्ष्मकण उतरते. मी काचेचा ग्लास मागतो. नसला तर स्टीलचा छोटा कप झोळ्यात आहे.

निलिमा_मनीषनगर
आणि सकाळचे तर्री पोहे? तर्री गरमागरम पन्नीत ओतून देतात.

बर्डी_चहा
तर्रीले किटली न्या ताई. दुधाची जुनी कडीची किटली. पोहे डब्यात, तर्री किटलीत. पन्नीतली तर्री घरी येईस्तोवर अर्धी पन्नीलाच चिकटते, किटलीत पूर्ण मिळते. हे सांगितल्यावर आमच्या गल्लीतले तिघं किटली घेऊन यायला लागले, पर्यावरणासाठी नाही, तर्रीसाठी. 😄

संगीता_मांडववाली
लग्नाचं लिहिते, मी स्वयंपाकाची कामं घेते. मे महिन्यातलं नागपूरचं लग्न, पारा ४५ च्या आसपास, आणि दारात पाण्याच्या इवल्या बाटल्या, वर नवरा-नवरीचा फोटो. दोन घोट पिऊन बाटली खुर्चीखाली. जेवणावळ उठली की मांडवात अर्ध्या भरलेल्या बाटल्याच.

आता मी बोलणी होतानाच सांगते: पाणी जारमधून, ग्लास स्टीलचे, दोन बाया फक्त ग्लास धुवायला. त्यांची मजुरी बाटल्यांपेक्षा कमी पडते, हे आधी हिशेब मांडून दाखवते, मग वधूपिता ऐकतो. पंगतीला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. टाकलेली पत्रावळ खतात जाते, आणि पैसा पानं गोळा करणाऱ्या, टाके घालणाऱ्या बायांच्या हाती जातो. चंदेरी कागदाच्या द्रोणाला लोक पर्याय समजतात, त्यालाही फिल्मच असते. तो मी ठेवत नाही.

मृणाल_धरमपेठ
संगीताताई, भांड्यांची सोय नसते अशा घरगुती कार्यक्रमांना काय? बारसं, हळदीकुंकू?

संगीता_मांडववाली
आमच्या वस्तीत बचत गटानं ताटं-वाट्या-ग्लास घेऊन ठेवलेत. थोडं भाडं, घासून परत. हळदीकुंकवाच्या वाणातही बायका आता प्लास्टिकच्या डब्या देत नाहीत, स्टीलची वाटी किंवा रोप देतात.

प्राची_क
एक विषय बायकांचा, मोकळेपणानं लिहिते. बाजारातल्या पॅडमध्ये बराचसा भाग प्लास्टिकचा असतो, आणि वेष्टन वेगळं. मी सिलिकॉनचा मासिक पाळीचा कप वापरते, एकच कप कित्येक वर्षं चालतो. पाळीच्या आधी आणि नंतर उकळून घ्यायचा. ज्यांना नको वाटतो त्यांना सुती कापडी पॅड आहेत, पण ते स्वच्छ पाण्यानं धुऊन कडक उन्हातच वाळवायचे, लपवून सावलीत नाही. पाण्याची अडचण असलेल्या बाईवर याची सक्ती करू नये.

अनुपमा_रविनगर
प्राची, हे लिहिलंस ते बरं केलंस. शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

बेसा_नवीन
"विघटनशील" लिहिलेल्या हिरव्या पिशव्या येतात त्या घ्याव्यात का?

वर्धा_रोड_अभियंता
खऱ्या कंपोस्टेबल पिशवीवर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो. नुसतं हिरवं पान छापलं तर काही अर्थ नाही. आणि खरी असली तरी तिला औद्योगिक खतनिर्मितीचं तापमान लागतं. बाल्कनीतल्या कुंडीत ती तशीच पडून राहते.

मृणाल_धरमपेठ
ओल्या वस्तूंकडे परत येते. डब्याचं सगळ्यांनी सांगितलं, तो आता गाडीच्या डिक्कीतच राहील. उरलं दूध-दही. गवळ्याकडून बरणीत घेणारे आहेत का कुणी? भेसळीची भीती वाटते.

शरद_काका
आम्ही गोठ्यावर जाऊन समोर काढलेलं घेतो, किटली आमची. घरी आणलं की लगेच उकळायचं, कच्चं कधीच प्यायचं नाही. उन्हाळ्यात अंतर जास्त असेल तर नाद सोडा, दूध वाटेतच फाटतं.

निलिमा_मनीषनगर
गोठा लांब असेल तर पिशवीचंच दूध घ्या, पण दही घरी लावा. निदान दह्याचे कप आणि ताकाच्या पिशव्या थांबतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तीन-चार तासांत लागतं. थंडीत डबा कणकेच्या पिंपात ठेवा. पनीरही लिंबू पिळून घरचं. स्वातीताईंसारख्या दुधाच्या पिशव्या धुऊन कबाड्याला.

आणि मलाही विचारायचंय. तेलाच्या पिशव्या बंद करायच्या आहेत. मनीषनगर-बेसा भागात लाकडी घाणा कुठे आहे?

नंदू_सक्करदरा
बेसा रोडनं जा, दोन-तीन दिसतील. शेंगदाणा, तीळ अन् जवस, समोर काढून देते. डब्बा स्टीलचाच न्या अन् आतून कोरडा करून न्या, पाण्याचा थेंब राहिला तर तेल खवट होते. सकाळी जा, दुपारी घाणा बंद राहते.